‘आउटरेज’ : एक इंग्रजी शब्द आणि शिरूर-भीमथडीचा संताप

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. दक्षिणेला थोडे गेले की दौंड तालुक्याची हद्द लागते. ह्या गावाजवळची पांढरीची टेकाडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत खणली. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ह्यांच्यासारख्या जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली ते काम झाले. वरचा थर काढला की खालचा, तो काढला की त्याच्याही खालचा, असे करीत ही मंडळी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पर्यंत जाऊन पोचली. सर्वांत खाली माळव्याच्या धर्तीची भांडी वापरणारे लोक, त्यांच्यावर जोर्वे पद्धतीची तांबडी, काळ्या नक्षीची भांडी घडवणारे, आणि सर्वांत वर त्याच जोर्वेकरांचे गरिबीत गेलेले वंशज. इ. स. पू. ७०० च्या सुमारास ही वस्ती उठली. जागा एकच, पण थर निराळे. वरून पाहणाऱ्याला मात्र ते नुसते एक टेकाड.

त्याच डेक्कन कॉलेजात दुसरेही एक खोदकाम चालत आले आहे. त्याला कुदळ लागत नाही. १९४८ साली डॉ. कत्रे ह्यांनी संस्कृत शब्दांचा ऐतिहासिक कोश करावयास घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथ चाळून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, आणि १९७६ साली डॉ. घाटगे ह्यांच्या संपादनाखाली पहिला भाग छापून निघाला. अशा कोशात शब्दापुढे एकच अर्थ लिहून मोकळे होता येत नाही. कोणता अर्थ कोणत्या काळचा, त्याच्यावर दुसरा कधी चढला, हे थराथराने दाखवावे लागते.

आज मला आपल्यापुढे एक इंग्रजी शब्द ह्याच रीतीने खणावयाचा आहे. तो रागाचा शब्द आहे. त्याचे एक टोक फ्रान्स देशात आहे, आणि दुसरे टोक शोधावयास गेलो तर ते ह्याच शिरूर आणि भीमथडीच्या मातीत सापडते. शब्द आहे ‘आउटरेज’.

शिक्षकबंधूंना ह्याचे स्पेलिंग शिकवणे सोपे जाते. ओ-यू-टी म्हणजे आउट, आर-ए-जी-ई म्हणजे रेज. दोन्ही शब्द पोरांना ठाऊक असतात. आउट म्हणजे बाहेर, रेज म्हणजे राग. तेव्हा आउटरेज म्हणजे बाहेर पडलेला राग, उफाळून आलेला संताप. झाले! पाठ करायलाही बरे आणि अर्थही जुळतो. पण गंमत अशी की ह्या शब्दात आउटही नाही आणि रेजही नाही.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे दोन-तीनशे वर्षे तिथल्या दरबारात, न्यायालयांत, सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच भाषा बोलली गेली. आपल्याकडे शिवकालाच्या आधी फारसी जशी दफ्तरात बसली होती, तसेच ते. त्या फ्रेंचमधून हजारो शब्द इंग्रजीत उतरले, त्यांत हा एक. फ्रेंच लोक त्याला ‘ऊत्राज’ म्हणतात. ‘ऊत्र’ म्हणजे पलीकडे. हा लॅटिन भाषेतल्या ‘उल्त्रा’ ह्या शब्दाचा वंशज. आज शहरात जी ती वस्तू ‘अल्ट्रा’ म्हणून विकली जाते, ती ह्याच घराण्यातली. आणि ‘आज’ हा नुसता प्रत्यय आहे. आपल्याकडे ‘पणा’ किंवा ‘की’ लावतात तसा. तेव्हा ऊत्राज म्हणजे ‘पलीकडेपणा’. रेघ ओलांडून जाणे.

हा प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे. व्हिलेज, पोस्टेज, पॅसेज, मॅरेज, डॅमेज, करेज. एस्टीच्या टपावर चढवतो ते लगेजसुद्धा. सगळ्यांच्या शेवटी तेच ए-जी-ई. पण उच्चाराकडे लक्ष द्या. इंग्रज माणूस व्हिलेज म्हणताना शेवट ‘इज’ असा आखडता घेतो. करेजचेही तसेच. एकट्या आउटरेजच्या शेवटी मात्र तो खणखणीत ‘रेज’ म्हणतो. का? तर त्याच्या कानाला तिथे राग ऐकू आला म्हणून. शब्दाचे खरे सांधे विसरले गेले, आणि ऐकणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या जागी तो नव्याने तोडला. भाषाशास्त्रात ह्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ह्याचे दुसरे उदाहरण आपल्या बाजारपेठेतच उभे आहे. ‘गोडाऊन’ घ्या. धान्याची पोती ठेवतो ते गोडाऊन. त्यात ‘गो’ नाही की ‘डाऊन’ नाही. दक्षिणेतल्या आणि मलायाकडच्या भाषांतला कोठाराचा शब्द पोर्तुगीज दर्यावर्द्यांच्या तोंडून इंग्रजांच्या कानी पडला, आणि त्यांनी तो आपल्या दोन शब्दांत बसवून टाकला. आपला गोदाम हा त्याच शब्दाचा भाऊ.

तर मूळ अर्थ ‘मर्यादेपलीकडे जाणे’. इंग्रजीतला ह्या शब्दाचा सर्वांत खालचा थर हाच आहे, इसवी सन १३०० च्या आसपासचा. खाण्यापिण्यात, बोलण्यात, धाडसात ताळतंत्र सोडला की तो आउटरेज. त्यात अजून राग नाही, रक्त नाही. त्याच्यावर दुसरा थर चढला तो दांडगाईचा: दुसऱ्याच्या अंगावर, घरावर, अब्रूवर चालून जाणे. आणि सर्वांत वरचा, अलीकडचा थर म्हणजे ती दांडगाई पाहून बघणाराच्या मनात उसळणारा संताप. म्हणजे बघा, शब्द करणाराच्या हातातून निघाला आणि सोसणाराच्या काळजात जाऊन बसला. आणि आधीची जागाही त्याने सोडली नाही. आज इंग्रजीत ‘आउटरेज’ म्हटले म्हणजे केलेले कृत्यही होते आणि त्या कृत्यामुळे आलेला संतापही होतो. दोन्ही बाजूंचे वकीलपत्र एकाच शब्दाकडे!

आपल्या मराठीने असे केले नाही. कृत्याला आपण ‘अत्याचार’ म्हणतो. फोडून पाहा: अति आणि आचार, आचाराची सीमा ओलांडून जाणे. ऊत्राजशी ह्याचा रक्ताचा संबंध काही नाही, पण घडण थेट तीच. मात्र अत्याचार हा शब्द अत्याचार करणाराकडेच राहिला. ज्याच्यावर तो झाला त्याच्या मनाला आपण निराळा शब्द दिला, ‘संताप’. तप् म्हणजे तापणे, त्यावरून. तव्यासारखे तापणे. तळपायाची आग मस्तकाला गेली असे आपण म्हणतो, ते ह्याच घरातले बोलणे.

आता विषय रागाचा आहे म्हणून वाटेत दोन शब्द सांगून टाकतो. खुद्द ‘राग’ हा संस्कृतात रागाचा शब्दच नव्हे. रञ्ज् म्हणजे रंगणे. त्यावरून राग म्हणजे रंग, लाली, आणि मग प्रीती. अनुराग त्यातला, गाण्यातला रागही त्यातला. मराठीने त्याच लालीतून डोळ्यांची लाली घेतली आणि प्रेमाचा शब्द भांडणाला लावला. इंग्रजीतला ‘अँगर’ ह्याच्या उलट वाटेने आला. उत्तरेकडून समुद्रमार्गे इंग्लंडवर चालून गेलेल्या नॉर्स लोकांचा तो शब्द, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता दुःख. त्याच्याही मुळाशी आहे ‘अरुंद, आवळलेले’. वेदांतला ‘अंहस्’, म्हणजे संकट, कोंडी, तो ह्याचा लांबचा चुलता. आणि रेज? तो लॅटिन ‘राबिएस’पासून निघाला, पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाला आपण रेबीज म्हणतो तोच हा शब्द. कुणाचा राग रंगातून, कुणाचा आवळल्या गळ्यातून, कुणाचा पिसाळण्यातून. ह्यावर एक निराळे भाषण होईल. आपण आउटरेजकडे वळू.

१२ मे १८७५. वार बाजाराचा. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले सुपे गाव. आज ते बारामती तालुक्यात आहे. आजचा दौंड तालुकाही जुन्या भीमथडीतूनच निघाला. त्या दिवशी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या आणि घरे गाठली, आणि कर्जाची खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी केली. दुकानेही लुटली गेली. पुढल्या काही दिवसांत हे लोण इंदापूर, पुरंदर, हवेली आणि शिरूर तालुक्यांत पसरले. भीमा आणि घोड ओलांडून नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जतकडे गेले. इंग्रजी इतिहासात ह्याला ‘डेक्कन रायट्स’ म्हणतात. पुणे आणि नगर ह्या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. काही गावांवर जादा पोलिस बसवून त्यांचा खर्च गावकऱ्यांकडूनच वसूल केला गेला.

ह्याची सुरुवात मात्र सुप्याला झाली नव्हती. ती पाच महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी झाली होती. गावच्या देशमुखांचे घर कर्जापायी सावकाराच्या हाती गेले, आणि गाव बिथरला. पण गावाने हात उचलला नाही. त्याने सावकाराला वाळीत टाकले. त्याचे शेत करावयाचे नाही, त्याच्या घरी पाणी भरावयाचे नाही, न्हाव्याने हजामत करावयाची नाही, त्याच्या दुकानी माल घ्यावयाचा नाही. आजूबाजूच्या गावांनीही हाच मार्ग धरला. येथे एक मौजेची गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. अशा बहिष्काराला इंग्रजीत ‘बॉयकॉट’ म्हणतात. हे आयर्लंडमधल्या एका जमिनीच्या कारभाऱ्याचे आडनाव. कॅप्टन बॉयकॉटवर तिथल्या कुळांनी १८८० साली बहिष्कार घातला आणि त्यावरून हा शब्द पडला. म्हणजे करड्याच्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट केली तेव्हा इंग्रजी भाषेजवळ तिला नावही नव्हते.

आता इंग्रज अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. दुसऱ्याच्या मालकीचे कागद जाळले, घरात शिरले, दुकान लुटले. कायद्याची रेघ ओलांडली. त्याच्या भाषेत ह्याला शब्द तयार होता. आयर्लंडमधल्या कुळांनी जमीनदाराच्या गंज्या पेटवल्या, गुरे मारली, कारभाऱ्याला मारहाण केली की त्याला ‘अ‍ॅग्रेरियन आउटरेज’, म्हणजे शेतकऱ्यांचा अत्याचार, म्हणत. तिथल्या पोलिसांच्या दफ्तरात ‘आउटरेज रिपोर्ट’ ह्या नावाचे कागदच्या कागद भरून ठेवलेले आहेत. राज्यकर्त्याच्या तोंडी आउटरेज म्हणजे दुसरा थर, कृत्याचा. तो शब्द बोलताना कृत्य दिसते. त्याच्या मागचे मन दिसत नाही.

पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर रेघ आधीच ओलांडली गेली होती. कोणती रेघ? ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे नाव दामदुप्पट. कर्ज कितीही जुने होवो, एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येणार नाही, ही आपल्या जुन्या धर्मशास्त्राची आणि गावरहाटीची मर्यादा. शंभर घेतले तर दोनशेवर थांबा. सावकार कडक असे, कधी लबाडही असे, पण ही रेघ त्यालाही माहीत होती आणि कुणब्यालाही. शिवाय त्याला गावातच राहावयाचे होते. गावाच्या मदतीवाचून त्याची वसुली होत नसे, म्हणून तो फार ताणत नसे.

इंग्रजी अमलात ही रेघ पुसली गेली. कुणी मुद्दाम पुसली असे मी म्हणणार नाही; पुसली गेली, एवढे खरे. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावला नाही तर तो बुडीत. हेतू चांगला होता: जुनी, शिळी कर्जे उकरून कुणाला छळू नये. घडले उलटेच. तीन वर्षे होत आली की सावकार कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घेई. जुने मुद्दल आणि त्यावरचे व्याज मिळून नव्या खताचे मुद्दल होई. पुन्हा तीन वर्षांनी तेच. कागदावर प्रत्येक वेळी मुद्दल नवे, म्हणून दामदुप्पट लागतच नाही! शंभराचे पाचशे झाले तरी कायद्याच्या दृष्टीने कुठेही काही ओलांडलेले नाही. कुणब्याला अक्षर येत नाही. तो अंगठा उठवतो. दावा लागला की समन्स, कोर्ट तालुक्याला किंवा त्याहून लांब. तो जात नाही. एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग जप्ती, लिलाव, नाहीतर कर्जापायी दिवाणी तुरुंग.

त्यात काळही फिरला. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला येईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे भाव आले. सावकारांनी हात सैल सोडला. कर्ज मागण्याआधी मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकाराने हात आखडला. आणि नेमके ह्याच सुमारास तीस वर्षांची जमीनपाहणी पुरी होऊन नवी आकारणी आली. ती पहिल्यांदा इंदापूर-भीमथडीकडेच लागू झाली. काही ठिकाणी सारा पन्नास टक्क्यांच्याही वर चढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ह्याबद्दल आवाज उठवला होता. सरकारने पुढे थोडी सूटही दिली, पण तोवर उशीर झाला होता. सारा भरावयाचा तर सावकाराचे दार, आणि तिथे गेले की नवे खत.

म्हणून त्या मे महिन्यात लोकांनी काय केले ते नीट पाहावे लागते. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे. सगळीकडे लोकांचा डोळा कागदांवर होता. सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तर बहुधा पुढे काही झाले नाही. मारहाण, जाळपोळ झाली ती मुख्यतः जिथे खते द्यायला नकार मिळाला तिथे. एवढ्या मोठ्या उठावात माणसांच्या जिवावर उठल्याचे प्रकार फार थोडे. जे पिसाळतात, ते असे निवडून जाळत नाहीत. तेव्हा ‘रेज’ हा शब्द येथे बसत नाही. ‘ऊत्राज’ बसतो, दोन्ही अर्थांनी.

अर्थात ह्या चित्राला दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. ज्यांच्यावर हल्ले झाले ते बहुतेक बाहेरून येऊन वसलेले मारवाडी आणि गुजर व्यापारी होते. त्याच गावात सावकारी करणारे जे आपल्याकडचेच होते, त्यांना पुष्कळ ठिकाणी कुणी हात लावला नाही. त्यांची खते काही कमी जाचक नव्हती. म्हणजे रेघ ओलांडल्याचा संताप खरा, पण तो जिथे परकेपणा दिसला तिथेच सोयीने फुटला. संतापाला डोळे असतात, पण ते सगळीकडे सारखे पाहत नाहीत. लुटीत ज्यांचा संसार गेला त्या घरांतल्या बायकापोरांच्या बाजूने विचार केला, तर तिथेही अत्याचार हाच शब्द येईल, आणि तो खोटा म्हणता येणार नाही.

ह्या सगळ्याचे फळ म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा झाला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा ह्या चार जिल्ह्यांना लागू केला गेला. त्यातली मुख्य कलमे पाहिली तर १८७५ च्या त्या होळीचा अर्थ सरकारला समजला होता असे दिसते. न्यायाधीशाने नुसत्या खतावर विसंबू नये, खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, दिले किती, ह्याचा सुरुवातीपासून हिशेब करावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. खते गावच्या नोंदणी-अंमलदारापुढे लिहिली जावीत. दाव्याची मुदतही वाढवली. थोडक्यात, पुसलेली रेघ कोर्टाच्या हाताने पुन्हा ओढण्याचा प्रयत्न. तो सगळा साधला असे नाही. वाटा काढणारे वाटा काढतातच.

त्याच १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर वासुदेव बळवंत फडक्यांच्या मंडळींचा पहिला छापा पडला. इंग्रजी कागदांत त्यांच्या ह्या उद्योगाला ‘डॅकॉइटी’ म्हटले गेले. तो शब्द इंग्रजांनी आपल्याच ‘डाक्या’वरून घेतला. ‘लूट’ही असाच आपल्याकडून गेला आहे. आमच्याकडून कोणते शब्द उचलावेसे त्यांना वाटले, ह्याचीही एक यादी करण्यासारखी आहे!

पुढे हा आउटरेज शब्द बॉम्बच्या जोडीने आला. ३० एप्रिल १९०८ रोजी बिहारात मुझफ्फरपूर येथे बॉम्ब पडला आणि दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. इंग्रजी वृत्तपत्रांनी ह्याला ‘आउटरेज’ म्हटले. त्यात चूक काही नव्हती. ‘केसरी’त लोकमान्य टिळकांनी १२ मेच्या अंकात ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख लिहिला, त्यात अशा कृत्याचा निषेध केला, आणि त्याबरोबरच लोक ह्या थराला का आले ह्याची चर्चाही केली. एक बाजू कृत्याकडे बोट दाखवीत होती, दुसरी बाजू त्यामागच्या चिडीकडे. खटला उभा राहिला तेव्हा मुंबईच्या हायकोर्टात बराच वेळ गेला तो मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावर. सरकारी भाषांतरात आपल्या शब्दांना नसलेली धार चढवली आहे, असे टिळकांचे म्हणणे होते. भाषांतरकाराची त्यांनी स्वतः उलटतपासणी घेतली. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. कोशातल्या अर्थाची किंमत किती असते, हे महाराष्ट्राला त्या आठवड्यात दिसले.

आणि हा शब्द आजही आपल्या कायद्यात आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३५४ व्या कलमात स्त्रीच्या विनयाला ‘आउटरेज’ करण्याच्या हेतूने केलेला हल्ला किंवा बळजोरी हा गुन्हा ठरवला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिथे ते कलम ७४ झाले, पण इंग्रजी पाठात शब्द तोच राहिला. मराठीत आपण त्याला ‘विनयभंग’ म्हणतो. भाषांतर करणाराचे मला येथे कौतुक वाटते. ऊत्राजमधली मर्यादा त्याने ओळखली, आणि ओलांडण्याच्या जागी ‘भंग’ हा शब्द नेमका बसवला. संताप, राग, ह्यांच्या वाटेला तो गेला नाही.

दुसऱ्या एका कलमात मात्र आपल्या बोलण्याने घोटाळा केला आहे. १९२७ साली जुन्या संहितेत २९५ ‘अ’ हे कलम घातले गेले. नव्या संहितेत ते २९९ आहे. कुणाच्या धार्मिक भावनांना ‘आउटरेज’ करण्याच्या हेतूने, जाणूनबुजून आणि दुष्ट बुद्धीने अपमान करणे, हा तो गुन्हा. आपण बोलताना ह्याला ‘भावना दुखावणे’ म्हणतो. आता दुखावणे ही फार हलकी गोष्ट आहे. भाऊबंदांत जेवायला बोलावणे राहिले तरी मन दुखावते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ह्या कलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केले की नुसता अपमान पुरत नाही. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला, अपमानाचा अतिरेक असावा लागतो. ‘अतिरेक’ हा विचार कायद्याच्या इंग्रजी शब्दाच्या पोटातच होता. आपल्या ‘दुखावणे’त तो गळून पडला, आणि म्हणून गावोगाव जो तो आपल्या दुखण्याला गुन्हा समजू लागतो.

शिक्षकबंधूंसाठी एक व्यवहाराची सूचना करून थांबतो. फळ्यावर हा शब्द लिहाल तेव्हा तो आउट आणि रेज असा न तोडता व्हिलेज, पोस्टेज, लगेज ह्यांच्या रांगेत लिहावा. स्पेलिंग तेवढेच पक्के बसते. अर्थाच्या रकान्यात मात्र एक शब्द देऊन भागावयाचे नाही. ‘कमिट’ ह्या क्रियापदाबरोबर आला तर तिथे अत्याचार लिहावा, ‘फील’बरोबर आला तर संताप. आणि बाजारात मागितलेल्या किमतीला ‘आउटरेजस’ हे विशेषण लावलेले धड्यात आढळले, तर पोरांना सरळ सांगावे की हा सर्वांत खालचा, इ. स. १३०० चा थर आहे: भाव अव्वाच्या सव्वा.